मानपत्रातलं शेवटचं वाक्य

पुण्यात राहणाऱ्या माणसाचा सत्कार होतोच. थोडा धीर धरावा लागतो, इतकंच. निवृत्ती झाली, साठी झाली, पंच्याहत्तरी झाली, फार काय गुडघ्याचं ऑपरेशन बरं झालं, तरी शाल, श्रीफळ आणि मानपत्र ठरलेलं. आमच्या भागात शाल कोपऱ्यावरच्या दुकानातून यायची, नारळ मंडईतून यायचा आणि मानपत्र माझ्याकडून. तिन्हींचा दर्जा साधारण सारखाच असायचा.

मानपत्र म्हणजे सोनेरी किनारीच्या जाड कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली स्तुती. तिच्यात सत्कारमूर्तीला ‘आपण’ म्हणून हाक मारायची असते. ‘आपण अविरत कष्ट केलेत, आपण समाजाला दिशा दिलीत.’ मग कोणीतरी भारदस्त आवाजाचा माणूस ती त्यांच्या तोंडावर वाचून दाखवतो. सत्कारमूर्ती मान खाली घालून बसते आणि श्रोते चहा किती लांब आहे याचा अंदाज घेतात. कोणी ऐकत नाही. माझा सगळा लौकिक या एका गोष्टीवर उभा होता, हे मला फार उशिरा कळलं.

पोटासाठी मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. कॉम्प्युटर कंपनीत आहे म्हटल्यावर पेठेतले लोक माझ्याकडे आदरानं बघायचे, आणि मी नेमकं काय करतो ते मी कोणाला सांगत नसे. कारण मी कॉम्प्युटरचं काही करत नव्हतो. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तकं इंग्रजीत लिहीत होतो. ‘हे बटण दाबा. थांबा. पुन्हा दाबा.’ विशेषण वापरायला सक्त मनाई. दिवसभर तुंबलेली ती सगळी विशेषणं मी संध्याकाळी घरी येऊन मानपत्रांत ओतत असे.

घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तर माझा कारखानाच सुरू झाला. देशात उदारीकरण येऊन काही वर्षं झाली होती. आमच्या घरात ते मानपत्रांच्या रूपानं आलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं मानपत्र मनापासून लिहिलं होतं, ते कायमचं जपून ठेवलं. पुढचा सत्कार एका होमिओपॅथ डॉक्टरांचा होता. ‘विद्यार्थ्यांच्या’ काढून ‘रुग्णांच्या’ घातलं. त्यापुढचा पोळीभाजी केंद्राच्या मालकिणीचा. तिथं ‘ग्राहकांच्या’ आलं. ‘ज्ञानाची भूक भागविलीत’ मधलं ‘ज्ञानाची’ तेवढं काढलं, वाक्य आपोआप खरं झालं. त्या वेळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना नेसवलेली धोतरं. शब्द शोधायला सांगितला तर कॉम्प्युटरला सापडायचा नाही. सगळे बदल डोळ्यांनी बघून हातानं करावे लागत. पण हात बसला होता. चहा निवेपर्यंत एक मानपत्र निघत असे.

आणि नव्व्याण्णव साली सरहद्दीवरच्या डोंगरांत लढाई झाली. उन्हाळाभर शहर टीव्हीपुढे बसून होतं, स्कूटरींना झेंडे लागले होते. आमच्या शहरातला पायदळातला एक कॅप्टन त्यात गेला. वय सव्वीस. पंधरा ऑगस्टला त्याला मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं. वडील मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर हमाल, आई गुलटेकडीच्या वस्तीत बालवाडी चालवणारी. आजोबा विदर्भातून आलेले. आमच्या मंडळानं ठरवलं, की आईवडिलांना बोलावून त्यांच्या हाती मुलाचं मानपत्र द्यायचं.

अध्यक्ष घरी आले आणि चार ओळींची एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. जन्म, शाळा, सैन्यात कधी गेला, आणि चौथी ओळ लढाईची. ‘तुफान गोळीबारात दोन जखमी जवानांना पाठीवरून खाली आणले. तिसऱ्यासाठी पुन्हा वर जाताना गोळी लागून मृत्यू.’

“जरा झोकात होऊ द्या,” अध्यक्ष म्हणाले. “टीव्हीवाले येतील म्हणतात. आणि हवं तर त्यांच्या घरी जाऊन बोलून या.”

पुण्यात ‘हवं तर’ याचा अर्थ ‘नको’ असा होतो, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण वेगळं होतं. मार्केट यार्डात मी वर्षानुवर्षं कांदे आणायला जात होतो. पोतं उचलून माझ्या स्कूटरपाशी आणून देणाऱ्या कुठल्याच माणसाचा चेहरा मला आठवत नव्हता. त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन काय बोलायचं, हे मला कळेना. आणि कशाला बोलायचं? मराठी माझ्या घरचं होतं.

बसलो लिहायला. मुख्याध्यापकांचं मानपत्र उघडलं. ‘बालपणापासूनच अभ्यासू’ राहू दिलं. ‘मितभाषी, मृदू, ऋजू’ राहू दिलं. मधला एक परिच्छेद मात्र नवा लिहिला, आणि तो लिहिताना माझ्या अंगावर काटा आला, इतकं माझं स्वतःवर प्रेम होतं. ‘रणांगणी आपण सिंहासम झुंजलात.’ ‘शत्रूचा निःपात करीत आपण वीरगतीस प्राप्त झालात.’ चिठ्ठीतलं ‘पाठीवरून खाली आणले’ मला मानपत्रात शोभेना. पाठीवरून काय आणायचं? ते मी काढलं आणि ‘सहकाऱ्यांचे प्राण रक्षिलेत’ असं केलं. शेवटचा परिच्छेद वाचला नाही. तो इतका पाठ होता, की डोळे त्याच्यावरून घसरून थेट खालच्या तारखेवर गेले. तारीख बदलली आणि छापायला दिलं.

दोन हजार साल उजाडायला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. जगभरचे कॉम्प्युटर तारखेच्या घोळानं बंद पडणार अशी भीती होती आणि आमची कंपनी तो घोळ निस्तरायच्या कामात होती. तपासणाऱ्यांसाठी सूचनांचं पुस्तक मीच लिहीत होतो. त्यातली पहिली सूचना अशी होती: ‘प्रत्येक ओळ वाचा. कोणतीही ओळ बरोबर आहे असे गृहीत धरू नका.’ ते पुस्तक कंपनीला फार आवडलं होतं.

समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. टीव्हीवाले आले नाहीत. हॉल मात्र भरला होता. व्यासपीठावर मधल्या दोन खुर्च्यांवर कॅप्टनचे आईवडील. वडील काटक, उन्हानं करपलेले, नवा पांढरा शर्ट घातलेले. आपल्या बुटांकडे बघत बसले होते. आई ठेंगणी, चष्मा लावलेली, पांढऱ्या साडीतली. त्या सरळ समोर बघत होत्या. मानपत्र वाचायला एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचा आवाज असा, की त्यांनी किराणा मालाची यादी वाचली तरी लोकांनी उभं राहावं.

मी दुसऱ्या रांगेत, ओठ हलवत बसलो होतो. माझा नवा परिच्छेद आला. हॉल शांत झाला. मागे कोणीतरी नाक ओढलं. मी कृतार्थ होऊन डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे, प्राध्यापकांच्या दोन वाक्यं आधीच, पुढचा कागद आला. आता काय वाचलं जाणार, ते मला दिसलं.

माणूस अशा वेळी काय काय विचार करतो! ओरडावं. चक्कर येऊन पडावं. भिंतीवरच्या मेन स्विचकडेही मी बघून घेतलं. एरवी दर गुरुवारी जाणारी वीज. नेमका शनिवार होता.

“आपण वीरगतीस प्राप्त झालात,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी पॉज घेतला, चष्मा सावरला आणि आवाज चढवला. “आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो, आपण शतायुषी व्हावे, हीच श्रीगजाननाचरणी प्रार्थना!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो कितीतरी वेळ चालला. मी एकटाच वाजवत नव्हतो, त्यामुळे शेजारच्यांना मी विनयशील वाटलो. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. प्राध्यापकांच्यासुद्धा नाही; त्यांनी ते वाक्य इतक्या सत्कारांत वाचलं होतं, की त्यांनाही ते पाठच होतं. वडिलांनी मान वर केली नाही. आईनी मात्र केली. त्यांनी प्राध्यापकांकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या फ्रेमकडे. नारळ हातात आला तो घेतला, फ्रेम आली ती घेतली.

चहाच्या वेळी अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शेवट काय केलात हो! काळजाला भिडला.”

मी मागच्या दारानं घरी आलो.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली नाही.

“शंभर वर्षं तुम्ही सगळ्यांनाच वाटता, रेशनच्या साखरेसारखी,” ती म्हणाली. “कोणाच्या हातात पडतात ते बघायचं तरी. त्या माऊलीला काय वाटलं असेल?”

“कोणाच्या लक्षात आलं नाही अगं.”

“तुमच्या आलंय ना? मग जा आणि सांगा.”

मी गेलो नाही. आठवडाभर मी चौकशा करत फिरलो. मानपत्र कसं वाटलं? फार छान. नेमकं काय आवडलं? एक जण म्हणाले आवाज. एक जण म्हणाले शालीचा रंग. म्हणजे मी सुटलो होतो. पण जेवायला बसलो की ती फ्रेम डोळ्यांपुढे यायची. कुठल्यातरी भिंतीवर ती टांगलेली असणार आणि खाली ती दोन माणसं बसलेली असणार. त्यांनी ते वाक्य आज वाचलं असेल का? काल? रोज? मला लाज वाटत होती, आणि ती उतरत नव्हती.

शेवटी मी पुणेरी मार्ग काढला. म्हणजे चूक दुरुस्त करायची, पण कबूल करायची नाही. शेवटचा परिच्छेद बदलून नवं मानपत्र छापून घेतलं, तशीच फ्रेम केली, आणि एका रविवारी सकाळी ते चादरीत गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात उभं केलं. सांगायचं काय तेही ठरलेलं होतं: छापखान्याची चूक झाली, ही फ्रेम ठेवा, ती द्या. बिचारा छापखानावाला. मी दिलं ते त्यानं काना-मात्रेसकट छापलं होतं.

ती दोघं आता वारज्याला राहत होती. आईवडिलांनी वस्तीतून बाहेर पडावं म्हणून मुलानंच तिथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. भोवती सगळीकडे नव्या इमारतींचे सांगाडे आणि वाळूचे ढीग. तिसरा मजला. आईनी दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. याचीच भीती होती.

“या. तुम्हीच लिहिलं होतं ना ते? मला दाखवलं होतं तुम्हाला तिथं.”

आत वडील खिडकीशी लसूण सोलत बसले होते. भिंतीवर बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्याशेजारी निळ्या कोटातली तसबीर, आणि गणवेशातला मुलगा. हसताना त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसत होते. त्याच्या बाजूलाच माझी फ्रेम. तिच्यात वर सोनेरी गणपती, खाली ‘॥ श्री ॥’. बुद्धाच्या घरात आपण गणपती पाठवला, हे मला त्या क्षणी कळलं. एक चूक निस्तरायला आलो होतो. पायरीवरच दुसरी भेटली.

“छापखान्याची जरा चूक झाली होती,” मी चादर सोडत म्हणालो. “ही दुरुस्त प्रत. ती जुनी मला देऊन टाका.”

“छापखान्याची?” त्यांनी विचारलं.

“हो. म्हणजे, जुळवणाऱ्याची.”

“बसा,” त्या म्हणाल्या. तीस वर्षं लहान मुलांना खाली बसवलेला आवाज तो. मी बसलो.

त्यांनी आतून दोन पानं आणली. माझ्या मानपत्राची झेरॉक्स. तिच्यावर लाल पेन्सिलीनं खुणा होत्या. “नागपूरकडच्या नातेवाइकांना पाठवायला काढून आणली होती,” त्या म्हणाल्या. “पाठवायच्या आधी वाचून बघितली. मूळ कागदावर कसं लिहिणार? सत्काराचा आहे. म्हणून यावर लिहिलं. बघा तुम्ही.”

मी बघितलं. आयुष्यात मला संपादक मिळाला नव्हता, तो तेव्हा मिळाला.

“‘बालपणापासूनच अभ्यासू’,” त्यांनी वाचलं. ते वाक्य खोडलेलं होतं. “सातवीत दोन विषयांत नापास झाला होता. गणित आणि इंग्रजी. निकाल लपवून ठेवला, तो तांदळाच्या डब्यात सापडला मला.”

“बरं,” मी म्हणालो.

“‘मितभाषी’. कोणी सांगितलं तुम्हाला?”

“थो तं बोलता बोलता झोपे,” खिडकीतून वडील म्हणाले, “अन् झोपेतबी बोले.”

“‘मृदू’. सैन्यात जाऊ नको म्हटलं, तर दोन महिने माझ्याशी बोलला नाही. घरात माझ्यासमोर बसून जेवायचा आणि मीठ पाहिजे असलं तरी उठून स्वतः घ्यायचा.” त्यांनी पेन्सिलीचं टोक पुढच्या ओळीवर ठेवलं. “‘सिंहासम’. सिंह कुठं बघितला त्यानं? पाल दिसली की खुर्चीवर चढायचा. सर, तुम्ही वाईट लिहिलं असं मी म्हणत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण उद्या आम्ही दोघं नसू. तेव्हा हा कागद राहील. हा वाचून माझ्या पोराला कोणी ओळखणार नाही.”

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तो कागद त्यांच्या पोराचा नव्हताच. तो मुख्याध्यापकांचा, डॉक्टरांचा आणि पोळीभाजी केंद्राचा होता.

वडिलांनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. “मले एक सांगा साहेब,” ते म्हणाले. “सरकारच्या कागदात होतं का त्यानं दोघायले पाठीवरून आनलं. मेजरसाहेबानं मले वाचून सांगितलं. तुमच्या कागदात थे नाई. थे काऊन काढलं?”

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. “मला ते चांगलं दिसेना,” मी म्हणालो. “पाठीवरून आणणं म्हणजे... मानपत्रात शोभेना.”

ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.

“पाठीवर वजन कसं घ्याचं थे मीच शिकवलं त्याले,” ते म्हणाले. “सुट्टीवर आला का यार्डात ये माह्यासंगं. ऑफिसर झाल्यावरबी. मी म्हनो, लोक काय म्हनतीन? थो पोतं घे अन् चाले. गुडघ्यातून उठाचं, कमरेतून नाई. वजन मानेखाली घ्याचं. असं घेतलं तं मानूस दमत नाई.” त्यांनी हात उचलून आपल्याच मानेला लावला. “मी शिकवलं नसतं तं एकाले आनूनच दमला असता. बसला असता खालीच.”

आईनी लसणाचं ताट उचलून आत नेलं. मी मान खाली घालून बसलो. जे एक वाक्य त्या माणसाचं होतं, नुसतं त्याचं, बापाकडून मुलाकडे गेलेलं, तेच मी शोभत नाही म्हणून काढलं होतं. मला रडू आलं, आणि दुसऱ्याच्या घरी, त्यांच्या दुःखात आपण रडायचं म्हणजे पुन्हा आपलीच आरती, म्हणून ते मी गिळलं.

त्या परत आल्या तेव्हा मी म्हणालो, “छापखान्याची चूक नव्हती. माझी होती. शेवटचं ते दुसऱ्याच एका मानपत्रातलं राहून गेलं. मी वाचलंच नाही.”

“ते कळलं मला,” त्या म्हणाल्या. “तिथंच, बसल्या जागी कळलं.”

त्यांनी झेरॉक्सचं दुसरं पान माझ्यापुढे सरकवलं. शेवटच्या परिच्छेदात दोनच शब्दांना हात लावलेला होता. ‘श्रीगजाननाचरणी’ खोडलेलं होतं. ‘प्रार्थना’वर रेघ मारून शेजारी गोल, बालवाडीतल्या अक्षरात ‘मंगलकामना’ लिहिलं होतं. बाकीचं जसंच्या तसं. दीर्घायुष्य, शतायुषी, सगळं.

“हे खोडायचं राहिलं,” मी म्हणालो.

“राहिलं नाही. राहू द्या ते.” त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. “सहा महिने झाले सर. दारात येणारा प्रत्येक माणूस तो गेला म्हणूनच येतो. पत्रं आली, तारा आल्या, मोठमोठे साहेब आले. सगळ्यांना माहीत. एवढ्या सगळ्यांत या एका कागदालाच अजून कळलेलं नव्हतं. त्या दिवशी तिथं ते वाचलं ना, तेव्हा एक क्षणभर मलाही कळलेलं नव्हतं. बाकी सगळं बदला तुम्ही. तेवढं ठेवा.”

चादरीत गुंडाळून नेलेली फ्रेम मी तशीच चादरीत गुंडाळून परत आणली. माझं तोंड बघूनच बायकोनं चहा टाकला.

पुढचे चार रविवार मी वारज्याला गेलो. या वेळी वही घेऊन. त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. सुशोभित करायला लागलो की त्या माझ्या हाताकडे बघायच्या आणि हात आपोआप थांबायचा. पहिल्या रविवारी मी ‘आपण सातवीत अनुत्तीर्ण झालात’ असं वाचून दाखवलं तेव्हा दोघंही हसायला लागले. त्या घरात लढाईनंतर कोणी हसलं असेल तर मी तरी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

“आपण काय, अहो,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोटचा तो. तू म्हणा.”

मानपत्रात ‘तू’! माझ्या हातून असं काही घडेल असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला मंडळातून काढलं असतं. पण लिहिलं. तू नापास झालास. तू निकाल तांदळात लपवलास. तू पालीला घाबरायचास. तू आईशी दोन महिने बोलला नाहीस, आणि अकादमीत जायच्या दिवशी स्टेशनवर गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडलास की डब्यात मीठ कमी पडलंय. तू बापाचं पोतं घेतलंस. तू दोघांना पाठीवरून खाली आणलंस, गुडघ्यातून उठून, वजन मानेखाली घेऊन. तिसऱ्यासाठी तू वर गेलास.

माझ्या कंपनीच्या पुस्तकांत शोभतील अशी वाक्यं होती ती. एकही विशेषण नव्हतं. मी आयुष्यभर हेच लिहायला शिकलो होतो आणि ते फक्त बटणांबद्दल लिहीत होतो.

तो मजकूर छापला साध्या कागदावर, वर काहीही न घालता. शेवटच्या रविवारी मी तो घेऊन गेलो. दोन हजार साल उजाडून गेलं होतं, कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. हॉल नव्हता, प्राध्यापक नव्हते. आई पलंगावर बसल्या, वडील खाली भिंतीला टेकून. मी उभा राहून वाचू लागलो. माझा आवाज पातळ आहे, वाचायची सवय नाही. पण ऐकणारी दोन माणसं होती आणि ती दोघं ऐकत होती. शब्द चुकला तर पकडला गेला असता.

तिसऱ्यासाठी तू वर गेलास, इथपर्यंत वाचलं आणि मी थांबलो. पुढचं एकच वाक्य उरलं होतं. ते मी किती सत्कारांसाठी लिहिलं होतं, मोजदाद नाही. वाटलं, इथंच संपवावं, कागद त्यांच्या हातात द्यावा, त्या केव्हातरी वाचतील.

“पुढचं वाचा ना,” वडील म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “पुढचं आहे अजून.”

“तुला निरामय दीर्घायुष्य लाभो,” मी वाचलं. “तू शतायुषी व्हावंस, हीच मंगलकामना.”

टाळ्या वाजल्या नाहीत. मनात काहीही नसताना मी ते आयुष्य दिसेल त्याला वाटत आलो होतो. मनापासून कोणासाठी मागितलं, ते या एकासाठीच.